कवडू मिस्त्री आणि बर्फाचा भोंगा

कवडू मिस्त्रींनी आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवर, पोत्यात गुंडाळलेला. अशा माणसाकडे बर्फ फेकायची मशीन यावी! वाडीतल्या चहाच्या टपरीवर लोक या गोष्टीवर आठवडाभर हसले. हसू द्या त्यांना. हसणाऱ्यांपैकी एकालाही टिप्परचा साधा जॅक धड उघडता येत नाही.

मिस्त्रींचं वय एकसष्ट. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि एक कवडी देऊन परत घेतलं. तेव्हापासून कवडू. अमरावती रोडवर गोदामांच्या रांगेमागे त्यांचं पत्र्याचं शेड आहे. शाळा सातवीपर्यंत, पण टिप्पर, क्रेन, ट्रॅक्टर, जिथं म्हणून तेलाच्या दाबानं काही उचलायचं-फिरवायचं असतं, तिथं चाळीस वर्षं यांचा हात. नळीवर तळवा ठेवला की तेल कुठं अडलं ते सांगणार, आणि उघडून पाहिलं तर तिथंच अडलेलं असणार.

मशीन आणली श्रीधरनं. हा काटोलचा पोरगा याच शेडात काम शिकला, मग रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर पार हिमाचलात गेला. हिवाळाभर घाटातला रस्ता मोकळा ठेवायचा, हे त्याचं काम. सफरचंदाचा ट्रक नागपूरच्या कळमना बाजारात येत होता, त्यात पेट्यांच्या मागे मशीन टाकून तो ऑक्टोबरात आला. तोच ट्रक चौथ्या दिवशी संत्री भरून परत वर जायचा होता.

मशीन ट्रॅक्टरच्या मागे जोडायची. आतला पंखा बर्फ ओढतो आणि वरच्या वाकड्या भोंग्यातून लांब फेकतो. भोंगा फिरवायचा तर खाली उतरून हातानं दांडा गरगर फिरवावा लागे.

"हवा बदलली का सारा बर्फ आपल्याच आंगावर येते, काका," श्रीधर म्हणाला. "मंग उतरा, फिरवा, चढा. दिवसातून चाळीस खेपा." मग त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. "मागच्या जानेवारीत गेले. हातमोजा ओला झाला होता, मले समजलंच नाई. यंदा पुन्हा जाऊन राहिलो. दुसरं काम कोनतं येते मले?"

मिस्त्रींनी तो हात उलटासुलटा करून पाहिला. यालाच त्यांनी पहिला पाना धरायला शिकवला होता.

"हातमोजे आनले का बे?"

"हो."

"घाल."

ऑक्टोबरच्या त्या मरणाच्या उन्हात श्रीधरनं लोकरीचे जाड मोजे घातले आणि मिस्त्रींनी त्याच्या मोज्यातल्या मुठीचं माप घेतलं. सगळं काम त्या मापावरून सुरू झालं. दांडा काढून टाकला, तिथं तेलाच्या दाबावर फिरणारी छोटी मोटर बसवली. भोंग्याच्या तोंडावरच्या झाकणाला वीतभर जॅक लावला. शेडातल्या एका ट्रॅक्टरला मशीन जोडून नळ्या ओढल्या आणि सीटवरून हात पोचेल असे दोन खटके मशीनवरच उभे केले, एक भोंगा फिरवायला, एक झाकण वर-खाली करायला. खटक्यांना लिंबाएवढी मूठ असते. मिस्त्रींनी बेलफळाएवढी बसवली, म्हणजे बोटं न वळवता नुसत्या तळव्यानं ढकलता यावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचणी. नागपुरात बर्फ कुठला आणायचा? सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पाण्यात भिजवलं आणि मशीनपुढे ढीग घातला. श्रीधरनं सीटवर बसल्या बसल्या खटका ढकलला. भोंगा लोण्यासारखा फिरला आणि ओल्या कुटाराचा फवारा शेडवरून जाऊन शेजारच्या गोदामाच्या चौकीदारावर पडला. त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनीही मिशीवर हात फिरवला. का फिरवू नये?

मिस्त्रींच्या घरच्या, तुळसाबाई, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी श्रीधरच्या रुक्ष केसांकडे पाहिलं. "बाप्पा, डोक्स्याले तेल लावत नाई का तू तिकडं?"

"कसं लावू, काकू? तिथं शिशीत दगड होते तेलाचा. शेगडीवर ठेवा लागते."

सगळे हसले. मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

मशीनमध्ये त्यांनी जाड तेल भरलं होतं. चाळीस वर्षं तेच भरत आले. मे महिन्यात सत्तेचाळीसच्या उन्हात पातळ तेलाचं पाणी होतं आणि उचललेली ट्रॉली धाडकन खाली येते. नागपूरच्या मिस्त्र्याचं भांडण जन्मभर उन्हाशी. थंडीशीही कुणाचं भांडण असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डबा तसाच ठेवून ते उठले. पलीकडच्या गल्लीत आइस्क्रीमचं शीतगृह आहे, आत उणे वीस. तिथल्या व्यवस्थापक कामिनीताईंचं माल उचलायचं यंत्र मिस्त्रीच चालतं ठेवतात. ताईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग दार उघडून दिलं. बर्फाची मशीन रात्रभर आइस्क्रीमच्या खोक्यांशेजारी राहिली.

सकाळी श्रीधरचा कोट घालून मिस्त्री आत गेले, मागोमाग श्रीधर. ट्रॅक्टरऐवजी तेलाचा हातपंप जोडला, दाब दिला, खटका ढकलला. भोंगा हलला नाही. आणखी दाब दिला. ढिम्म! नळ्या काठीसारख्या ताठ झालेल्या, आणि एक सोडवली तर तेल शिऱ्यासारखं बाहेर लोंबलं. हीच मशीन घाटात गेली असती तर श्रीधर पुन्हा खाली उतरला असता, भोंग्याला हातानं ढकलायला.

रागारागात मिस्त्रींनी घामेजल्या उघड्या हातानं लोखंड धरलं आणि हात तिथंच चिकटला. ओढला तेव्हा तळव्याची साल निघाली.

"लय दुखलं होतं का बे तुले?" त्यांनी विचारलं.

"नाई, काका. सुन्न झाले होते. मोजा काढला तवा दिसलं."

बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. संत्री भरलेली, निघायची वेळ झालेली. चाळीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकापुढे मान न झुकवलेले मिस्त्री त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "भैया, एक दिन रुक जाओ. लडके की नहीं, गलती मेरी है." आता वाडीत चुकीचं खापर फोडायला नळी आहे, तेलवाला आहे, नशीब आहे. या माणसानं त्यातलं एकही वापरलं नाही. ट्रकवाला कुरकुरला, पण थांबला.

दिवसभर मिस्त्रींनी मशीन रिकामी केली. जाड तेलाचा थेंब राहू नये म्हणून प्रत्येक नळी, प्रत्येक जोड धुतला. थंडीतलं पातळ तेल भरलं. नळ्या बदलून थंडीत मऊ राहणाऱ्या घातल्या. मुठींवर रबर चढवलं. संध्याकाळी मशीन पुन्हा आइस्क्रीमशेजारी.

पाचव्या दिवशी सकाळी आत मिस्त्री, श्रीधर आणि दारात शाल घेऊन कामिनीताई. मिस्त्रींनी श्रीधरचा मोजा स्वतःच्या हातात चढवला, करंगळी आणि शेजारचं बोट मुद्दाम आत मुडपून घेतलं, आणि तळव्यानं मूठ ढकलली. भोंगा जरा कुरकुरला, मग फिरला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मिस्त्रींनी वीसदा फिरवला. कामिनीताई म्हणाल्या, बस करा, माझं आइस्क्रीम वितळेल.

ट्रक सुटताना मिस्त्रींनी श्रीधरचे दोन्ही हात हातात घेतले. "आठ हायेत. मोजून पाठवून राहिलो."

जानेवारीत एका दुपारी शेडात फोन आला, व्हिडिओचा. पडदाभर पांढरं. भोंगा वळत होता आणि बर्फ दरीत लांब जाऊन पडत होता. शेजारपाजारचे धावत आले. टपरीवर हसलेलेही आले. "काय मशीन आहे, मिस्त्री!" म्हणू लागले.

"सरका," मिस्त्री म्हणाले. "श्रीधर, बर्फ दिसला. मोजा काढ."

श्रीधरनं मशीन थांबवली, मोजे काढले आणि दोन्ही पंजे फोनसमोर धरले. मिस्त्रींनी पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजलं. आठ झाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.