शनीचं स्टिकर

मोबाइलवर शनीचा स्वच्छ फोटो आला, की मला आळे गावच्या मैदानातल्या गरम भज्यांचा वास येतो. तिथल्या फोटो स्पर्धेचा परीक्षक मी होतो, आणि मोबाइलवर फिरणारे बिबट्याचे खोटे फोटो पकडून पकडून माझी नजर भलतीच संशयी झाली होती. एका शिक्षिकेने दुर्बिणीतून टिपलेला शनी पाहताच मी जाहीर केलं, “बाई, हे कॉम्प्युटरवर केलंय. बाद!” त्यांचा चेहरा उतरला. “भाऊ, मग तुमीच बघा की,” म्हणत दिवेलागणीला त्यांनी दुर्बीण लावली. आत तोच शनी, तसाच कड्यासकट! मला वाटलं, दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर स्टिकर चिकटवलंय. म्हणून पुढे जाऊन भज्यांच्या तेलकट बोटांनी काच खरवडून पाहिली. स्टिकर काही निघालं नाही, काच तेवढी तेलकट झाली. रांगेत माझ्यामागे असलेल्या आजोबांना शनी धुरकट दिसला. “हां, ह्यो खरा वाटतोय राव!” ते म्हणाले. पहिला नंबर मी बाईंनाच दिला. पण अजूनही दुर्बीण लावली, की बाई आधी माझे हात बघतात.