नानांचा ओट्यावरचा चहा

परभणीत भाड्यानं खोली हवी असेल तर खोलीवाल्या नानांना गाठायचं. या दलालाची रीतच उफराटी. घरमालकाला आधी काही कळवायचं नाही. भाडेकरूला कुटुंबासकट थेट त्याच्या ओट्यावर नेऊन बसवायचं, चहा होईपर्यंत गप्पा हाणायच्या आणि मग खोलीचं काढायचं. मला म्हणायचे, "चहा पाजलेल्या माणसाला जा म्हणायला लय मोठं काळीज लागतं, मास्तर!"

नामांतराची ती वर्षं. मालक आधी आडनाव विचारायचे, मग घरात म्हातारं कोण ते. म्हातारं पंचकात मेलं तर घराला कुलूप लावून महिनोन्महिने बाहेर राहावं लागतं, ही धास्ती. बोरीहून माझी बदली झाली तेव्हा आई ऐंशीला टेकलेली. नानांनी तिला ओट्यावर बसवलं. तिनं बशीभर चहा घेतला, मालकिणीच्या पोराची दृष्ट काढली. खोली मिळाली!

पुढे स्टेशनजवळ एसटीडीचं बूथ झालं आणि नाना बिघडले. दिवसभर तिथंच. "पायाचं काम आता बोटानं होतंय!" मालकांना त्यांनीच शिकवलं, "म्हातारं हाय का, आधी फोनवरच इचारून घ्या. दारात आल्यावर पंचाईत नको." मालक खूश. काठी टेकत आलेल्यांना नाना तिथूनच वाटेला लावायचे. मी चिडलो, तर म्हणाले, "जमाना बदललाय."

तो मेला जमाना त्यांच्याही घरात शिरला. पोरानं घर विकलं आणि बापाला इथंच टाकून पुणं गाठलं. नाना त्याच बूथवरून स्वतःसाठी खोली शोधू लागले. मी शेजारीच उभा होतो. आवाज तरणा करून बोलत होते. पलीकडचा प्रश्न मलाही ऐकू आला, "म्हातारं हाय का कोणी?"

नाना म्हणाले, "हाय. मीच हाय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"चला नाना, ओट्यावर जाऊन बसू," मी त्यांचा हात धरला.

"कुठं? जाळीची दारं बसवलीत सगळ्यांनी. फोन करून या म्हणतात."

मी आमच्या मालकांना नानांसाठी गळ घातली. ते म्हणाले, "तुमच्या म्हातारीचीच धाकधूक पुरे हाय आमाला."

नाना जवळच्या पिंगळीच्या स्टेशनावर झोपू लागले. थंडीत तिथल्याच बाकड्यावर गेले, आणि गेले तेही नेमके पंचकात.

बातमी कळताच आमचे मालक खोलीशी आले. "बघा मास्तर, वाचलो का न्हाई?" असं म्हणून त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि आत चहा सांगितला.