खिडकी उघडण्याआधीच्या चार ताटल्या

माझी चूक आधी सांगतो. विनायकने माझ्यावर सोपवलेल्या चार ताटल्या मी आठवडाभर गच्चीवर ठेवल्याच नाहीत. त्याला जाऊन दीड महिना झाला, आणि हे मी आज लिहितोय...

विनायक राणे मुलुंडच्या आमच्या इमारतीतला, माझा वीस वर्षांचा शेजारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होता. निवृत्त झाला आणि समोर टॉवरचं काम सुरू झालं. त्यात त्याला दमा. मग त्याने एका ताटलीत लादीचा तुकडा, दुसरीत गवताची ढेप, तिसरीत बदामाची पानं आणि चौथीत पाणी ठेवून त्या गच्चीवर मांडल्या. रविवारी सगळं धुऊन पाणी पांढऱ्या कागदातून गाळायचा. "कोरड्या लादीवरची धूळ वारा परत उडवतो रे. पानं, गवत धरून ठेवतात. पाण्यात पडली ती तर गेलीच," तो सांगायचा. कागद काळा झाला की आठवडाभर खिडकी बंद. मी चिडवायचो, "पंचांग बघ, सोपं पडेल!" "मेल्या, तुका दमा नाय म्हणून," तो म्हणायचा.

शिमग्याला तो आणि वहिनी गावी निघाले. ताटल्या माझ्याकडे देऊन तो म्हणाला, "आजच वर ठेव हां." मी त्या बंद गॅलरीत ठेवल्या आणि विसरलो. तो परतायच्या आदल्या दिवशी आठवलं, तेव्हा धावत वर नेऊन ठेवल्या. रविवारी कागद जवळजवळ पांढरे निघाले. "बघ रे, टॉवरचं प्लास्टर संपलं, धूळ गेली!" त्याचा चेहरा उजळला होता. मला बोलवेना. त्याने ताटल्या कायमच्या आवरल्या, खिडकी उघडली. दोन महिन्यांत हॉस्पिटल... तिथेही मी क्रिकेटवरच बोलत राहिलो. डॉक्टर म्हणाले, दमा जुनाच होता, नेमकं कशाने वाढला ते सांगता येणार नाही. तेवढाही निवाडा मला मिळाला नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या बंद खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, नंतर धाप लागली की ते नको म्हणायचे, तेव्हाही मीच खिडकी उघडी ठेवायचे. 'कागद पांढरे आलेत ना,' असं मीच त्यांना म्हणायचे. मीच मारलं का हो त्यांना?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "नाही वहिनी. कागद खोटे होते. ताटल्या एकच दिवस बाहेर होत्या. मी विसरलो, आणि त्याच्यासमोर गप्प बसलो. तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. मला माफ करा."