पाँपेईला एकट्या उतरलेल्या कुंदाताई

कुंदाताई डूख धरतात, आणि मला त्या त्यासाठीच आवडतात. आमच्या फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात बाकी सगळ्या 'जाऊ दे गं' म्हणणाऱ्या. त्यांच्याबरोबर चहा प्यायलाही मला कंटाळा येतो.

लग्नाआधी त्या पुण्यात प्राचीन इतिहास शिकत होत्या. एम.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलं, कारण नवऱ्याला, श्रीधररावांना, इकडे पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता. पुढे पंचवीस वर्षं तो कधी मिळालाच नाही. माइन्त्सचं रोमन थिएटर त्यांनी बायकोला रेल्वेच्या फलाटावरूनच दाखवलं. ट्रिअरच्या जुन्या वेशीपाशी त्या जरा रेंगाळल्या, तर चारचौघांत म्हणाले, "हिला दगड दिसला की घरदार आठवत नाही." पाहुणे हसले. कुंदाताईंनी ते मनात ठेवलं.

२००६च्या मे महिन्यात दोघं इटलीला गेली. विशीपासून कुंदाताईंना एकदा पाँपेई डोळे भरून पाहायचं होतं. श्रीधररावांनी छापून घेतलेल्या कार्यक्रमात त्याला दीड तास होता, मग पुढे सोरेंटोला हॉटेलात जेवण. रोममधले अवशेष त्यांनी आदल्याच दिवशी चाळीस मिनिटांत उरकले होते.

नेपल्सहून निघालेल्या लोकल गाडीत श्रीधररावांचा डोळा लागला. पाँपेई आलं. कुंदाताईंनी पर्स उचलली, दोघांत मिळून असलेला एकुलता एक मोबाइल बंद केला, दशम्यांचा डबाही घेतला आणि उतरल्या. गाडी नवऱ्याला घेऊन सोरेंटोकडे गेली.

"म्हणजे मुद्दाम उठवलं नाहीत?" मी विचारलं.

"गेनाऊ. अगदी बरोबर," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या कपात चहा ओतला.

मग त्यांनी मनसोक्त पाहिलं. दगडी रस्त्यात चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पाहिल्या, भटारखान्यातली मोठाली जाती पाहिली, पाणी पिणाऱ्यांनी हात टेकून टेकून झिजवलेला कारंज्याचा काठ पाहिला. त्या काठावर स्वतःचा हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

दुपारी श्रीधरराव सोरेंटोहून परत आले आणि घामाघूम होऊन गल्लोगल्ली शोधू लागले. कुंदाताईंनी त्यांना लांबून पाहिलं आणि भिंतीआड झाल्या. तासाभराने ते पुन्हा तिथूनच गेले, आणि त्या पुन्हा भिंतीआड झाल्या. तिसऱ्यांदा ते दिसले नाहीत, नुसत्या हाका ऐकू आल्या. नवऱ्याचा इतका घाबरलेला आवाज त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

माझा सुद्धा जीव जरा कळवळला. तेव्हा तरी वाईट वाटलं की नाही, असं मी विचारलं.

"वाटलं ना. रडत होते गं ते," कुंदाताई म्हणाल्या. "पण मी एका घरात होते, समोर भिंतीवर बाग रंगवलेली होती. ती आधी पुरती पाहून घेतली, मग ओ दिली."