उकंडरावाचे बारा कप

किन्हीराजा गावाच्या अलीकडच्या फाट्यावर उकंडरावानं कॉफीचं दुकान टाकलं तेव्हा लोक हसले. चहाच्या मुलखात कॉफी कोण पिणार? पण एकतीस वर्षं नागपूरच्या एका कॉफीच्या हॉटेलात वेटर म्हणून राबलेल्या माणसाला दुसरं येणार तरी काय? गावी परतताना त्यानं चिनीमातीचे बारा कप आणले, सुताराकडून लांबलचक बाक करून घेतला. त्या बाकावर बसून गावानं आपण धुतलेल्या कपात कॉफी प्यावी, एवढी एकच इच्छा त्यानं जन्मभर बाळगली होती.

इच्छा उगाच नव्हती. त्याच्या लहानपणी त्याच्यासारख्या बौद्ध वस्तीतल्या पोरांची बशी हॉटेलाच्या छपरात वेगळी खोचलेली असे. आपली आपण काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन पुन्हा खोचायची.

नागपुरात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं त्याला कॉफीची कूळकथा सांगितली होती. ती तो प्रत्येकाला ऐकवायचा, कुणी विचारो न विचारो.

"कॉफी मूळची आफ्रिकेतल्या हबशांच्या मुलखातली. तिथून येमेनात गेली. तिथचे फकीर देवाचं नाव घेत रातभर जागाले पेत. मंग तुर्कांच्या इस्तंबूलमंदी दुकानं निघाली. मौलवी, व्यापारी, शिपाई, सारे एकाच बाकावर. सुलतानाले भेव वाटलं, त्यानं दुकानं बंद केली. तरी लोक पेतच राह्यले. आपल्याकडं म्हणतात, एका बाबानं सात बिया लपवून कर्नाटकात आणल्या."

गावानं गोष्ट आवडीनं ऐकली. कॉफीही आवडली. फक्त जो तो शेजारच्या चहावाल्याकडून कागदी ग्लास घेऊन यायचा. आता गावात भेद उरला नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. का उरेल? पिऊन फेकून द्यायच्या ग्लासानं सगळ्यांची मोठी सोय करून ठेवली आहे.

सहा महिने झाले. बाक भरलेला, कप कोरडे. सगळ्यांचं एक वेळ सोडा, पण नानाजीसुद्धा कागदी ग्लासच पुढं करायचा. नानाजी शाळेपासूनचा सोबती, चांगला शेतकरी माणूस, रोज सकाळी हजर. शेवटी उकंडरावानं त्याचा ग्लास बाजूला सारला आणि भरलेला कप त्याच्यापुढं ठेवला.

"नाना, यात काहून नाही पेत?"

नानाजी ओशाळला. "माह्यं काई नाही रे. मी मानत नाही. पण घरी समजलं तं उगाच कटकट."

"नागपुरात एकतीस वर्षं साऱ्या जातीचे लोक माह्या हातच्या कपातून पेले. कोणाचं काय बिघडलं?"

उकंडरावाचं हे ठेवणीतलं उत्तर होतं. याच्या जोरावर तो ताठ मानेनं गावात परतला होता.

नानाजी समजुतीच्या सुरात म्हणाला, "अरे, ते शहर हाये. तू कोण हाये हे तिथं त्यायले कुठी मालूम होतं?"

वाईट हेतूनं तो बोलला नव्हता. ते हॉटेल, तिथली हसून कप उचलणारी माणसं उकंडरावाला आठवली. त्यांच्यातल्या एकानंही कधी त्याला गाव विचारलं नव्हतं, आडनाव विचारलं नव्हतं. आणि त्यानंही, हे त्याला आत्ता कळलं, एकतीस वर्षांत ते आपणहून कधी सांगितलं नव्हतं.