यादीतलं पहिलं नाव

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर आमचं ॲप उघडलं, आणि खाली बनवणाऱ्याचं नाव एकच होतं. निरंजनचं. कॉलेजच्या टेक क्लबमध्ये ॲप बनवायला आम्ही एका बाकावर, एकाच लॅपटॉपवर शिकलो. डबे पुरवणाऱ्या बायकांसाठीचं हे ॲप दोघांनी मिळून केलं.

"सगळं एकट्यानं केलंस?" सरांनी विचारलं.

"हो सर," तो म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी हात आपले आपण चालतात. एक ओळ खोडली की माणूस पुसला जातो, असं वाटलं असेल का त्याला?

मग त्यानं डब्यांची यादी उघडली. ॲप चालतंय का ते बघायला मी पहिल्याच दिवशी आईच्या नावानं एक नोंद टाकली होती. ती काढायची तो विसरला होता. सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, माझी आई थालीपीठ घेऊन उभी होती.