गेली गिटार, आल्या बाटल्या

तो गुन्हा मी आजही विसरलेलो नाही. आठवला की आधी हसू येतं आणि मग जरा गंभीर व्हायला होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बुडालेली माणसं समुद्रातून बाहेर काढली. पण निवृत्तीनंतर कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की मी या गिटारचीच सांगतो. नाव कुणाचंही घेणार नाही. ज्यांची आहेत ते आपापल्या जागी ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

तेव्हा मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शिमगा जवळ आला होता आणि पर्यटकांचा हंगाम जोरात होता. हंगामात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या. मोबाइल पाण्यात पडला, चप्पल गेली, नवरा दारू पिऊन वाळूत कुठे झोपलाय तो सापडत नाही. आमचा ठाणे अंमलदार यातल्या निम्म्या तक्रारी चहा पाजूनच मिटवायचा. त्या संध्याकाळी मात्र दोन माणसं आली आणि त्यांच्यापुढे चहाचं काही चालणार नव्हतं.

एक होता मुंबईचा नावाजलेला रॉक वादक. पन्नाशीचा, पांढरे लांब केस, बोलायला अगदी मवाळ. दुसरा त्याचा मॅनेजर, आणि वादकाच्या वाट्याचा सगळा आवाज या मॅनेजरला मिळालेला. शनिवारी मालवणात वादकाचा कार्यक्रम होता. तोवर शांतता हवी म्हणून दोघे देवबागला एका घरगुती निवासात उतरले होते. दुपारी होडीतून खाडी आणि समुद्राचा संगम बघून परत आले, तर खोलीतली गिटार पेटीसकट नाहीशी झाली होती.

"कसली गिटार?" अंमलदाराने पेन उघडत विचारलं.

"इलेक्ट्रिक. सेमी-हॉलो," वादक म्हणाला. "म्हणजे अर्धी पोकळ. मध्ये भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी, आणि पोटावर दोन लांबट भोकं."

मॅनेजर मध्ये पडला, "अहो, सरांच्या नावाची आहे ती! कंपनीने सरांसाठी बनवलीय! डोक्यावर सरांची सही आहे!"

मी म्हटलं, मग ओळखायला सोपी. तर वादक ओशाळून हसला. "नाही साहेब. तीच सही छापून कंपनीने माझ्या नावाच्या पुष्कळ गिटारी विकल्यात. माझी ही पहिली. तिच्यावरून बाकीच्या केल्या. पण शेजारी ठेवली तर दुसऱ्या कुणाला फरक कळणार नाही."

सही असूनही ओळख पटत नाही असा मुद्देमाल मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी विचारलं, फक्त तुम्हालाच ठाऊक असेल अशी एखादी खूण? त्याने मॅनेजरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पोकळ गिटार मोठ्या स्टेजवर स्पीकरच्या आवाजाने घुमायला आणि किंचाळायला लागते. म्हणून त्याने भोकातून आत काहीतरी कोंबलं होतं.

"काय कोंबलंय?"

"मोजे," तो म्हणाला. "माझे जुने. एक निळा, एक राखाडी."

अंमलदाराने चेहरा सरळ ठेवून ते फिर्यादीत लिहून घेतलं. त्याच्या संयमाचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं.

आम्ही घटनास्थळी गेलो. देवबाग म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. निवास चालवणाऱ्या बाई साठीच्या, विधवा. सगळी वाडी त्यांना काकी म्हणायची, मीही काकीच म्हणतो. खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. दुपारी किनाऱ्यावर रापण ओढली गेली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. ते आलं की ताज्या मासळीसाठी घरंच्या घरं किनाऱ्यावर धावतात आणि दारं उघडी राहतात. तिथे हे कुणाला खटकत नाही. काकीही पाहुण्यांच्या जेवणाला मासे आणायला गेल्या होत्या.

मॅनेजरला ते चांगलंच खटकलं. खळ्यात, म्हणजे अंगणात, शेजारीपाजारी जमलेले असताना तो काकींकडे बोट दाखवून ओरडला, "कुलूप नाही, कॅमेरा नाही! चोरी तुम्हीच केली, नाहीतर तुमच्या माणसांनी!" वादक खाली मान घालून उभा राहिला. आमचा पंचनामा संपायच्या आत मॅनेजरने हेच निवासाच्या नावासकट, फोटोसकट मोबाइलवरून जगाला सांगूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींची शिमग्यापर्यंतची सगळी आरक्षणं रद्द झाली. नियमाप्रमाणे आम्ही त्यांना जबाबासाठी जीपमधून ठाण्यात आणलं, आणि तेही सगळ्या वाडीने पाहिलं. काकी रडल्या नाहीत. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "सायबानू, चोरी माझ्या घरात झाली ह्या खरा. पण चोर माझ्या घरातलो नाय. पयला ह्या लिवन घेवा, मगे काय ता इचारा."

मी तसंच लिहून घ्यायला सांगितलं. चोरी करणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं कागदावर आणायची इतकी घाई नसते.

चौकशीत आणखी एक माणूस होता. वादकाच्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्याच तालुक्यातला, मॅनेजरने भाड्याने ठरवलेला. तो आमच्या मदतीला फारच तत्पर. पाहिजे ते सांगतोय, नको तेही सांगतोय. शिपायांसाठी थंड पेयंही घेऊन आला. चौकशीत अंग चोरणाऱ्यापेक्षा जास्त मदत करणाऱ्याकडे मी थोडं जास्त लक्ष देतो, ही माझी जुनी सवय. पण गाडीची झडती घेतली तर त्यात काहीच नव्हतं. आणि पुरावा नसताना नुसत्या सवयीवर कुणाला आत टाकता येत नाही. तेवढ्यात त्याला दुसरं भाडं मिळालं आणि तो गेला.

मी साधा विचार केला. ही वस्तू मालवणच्या बाजारात विकायला काढली असती तर मासळीच्या लिलावाआधी ती बातमी माझ्यापर्यंत आली असती. ती घेणारा गोव्यातच मिळणार. पण गोव्याकडे जाणारी गाडी अडवून तपासण्यात अर्थ नव्हता, वस्तू एव्हाना पार झालीही असेल. मी गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर फोन लावला, पेटीचा फोटो पाठवला आणि सांगितलं, "जाणाऱ्या गाड्या सोडा. येणाऱ्या बघा. गाडी आमच्या बाजूची असली तर नीट बघा."

तिकडचा अधिकारी म्हणाला, "साहेब, चोर वस्तू विकून परत येताना तुम्हाला काय मिळणार?"

मी म्हटलं, "आमचा माणूस गोव्याला गेला, खिशात पैसे आले आणि शिमगा तोंडावर आहे. तो रिकाम्या हाताने परत आला तर मी नोकरी सोडीन."

नोकरी सोडायची वेळ आली नाही. दुसऱ्याच सकाळी फोन आला, आणि तिकडे अधिकाऱ्याला हसू आवरत नव्हतं. गाडी पकडली होती, चालवणारा आपला तो मदतीला तत्पर ड्रायव्हरच होता, आणि डिकीत गोव्याची दारू होती. इथवर माझा अंदाज. पण बाटल्या ज्यात होत्या ती लांब, काळी, टणक पेटी होती. आत लाल मखमल, गिटारच्या आकाराचा खळगा, आणि त्या खळग्यात बाटल्या एकीला एक लावून निजवलेल्या. पेटीवर विमानाच्या चिठ्ठ्या आणि वादकाचं नाव. एवढं मला स्वप्नातही सुचलं नसतं.

ड्रायव्हरला आमच्याकडे आणलं. पेटी मिळाली, पण गिटार कुठे? तो एकच घोकत होता, "पेटी माका रस्त्यार गावली, सायबानू. रिकामीच होती." मी हर तऱ्हेने विचारलं. घरच्यांचं विचारलं, गाडीचे हप्ते विचारले, उलटसुलट वेळा विचारल्या. गडी पक्का. मारहाण मी करत नसे. मारून फक्त मार चुकवणारं उत्तर मिळतं, वस्तू मिळत नाही. शनिवार जवळ येत चालला होता. वादकाला गिटार हवी होती, पण माझ्या डोळ्यांसमोर काकींचं रिकामं घर होतं. पेटी ड्रायव्हरकडे सापडल्याचं कळूनही वाडीत कुजबूज चालूच होती की त्याला आतून काकींचीच फूस असणार.

ती कुजबूज काकींच्या कानावर गेली आणि त्या ठाण्यात आल्या. हातात नारळ. मला वाटलं, देवळातून आल्या असतील. त्या म्हणाल्या, "देवळात जातलंयच. पण चोर हय आसा, तर गाऱ्हाणा हयच घालतंय."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घातलेलं साकडं. एरवी ते गावच्या मानकऱ्याचं काम. काकींनी मानकऱ्याचीही वाट पाहिली नाही आणि माझ्या परवानगीचीही. अंमलदाराच्या टेबलावर नारळ ठेवला, ग्रामदेवतेच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. त्याच वेळी दोन शिपाई ड्रायव्हरला कोठडीतून माझ्या खोलीकडे आणत होते. तिघेही जागच्या जागी थांबले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझा ह्या लेकरू पोलिसांच्या दारात उभ्या ऱ्हवान तुका गाऱ्हाणा घालता. माझ्या घराचा दार कोणाक कधी बंद झाला नाय, तेका आज डाग लागलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंमलदार, शिपाई, दाखल्यासाठी आलेला एक म्हातारा, सगळे एका आवाजात म्हणाले. आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' येणारच. लहानपणापासून हाडात मुरलेली गोष्ट आहे ती.

"जेणी कोणी ती वस्तू नेल्यान आसात, तेच्या पोराबाळांक सुखात ठेव, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ती वस्तू खंय आसा, ता तेच्याच तोंडातसून भायर येव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक आवाज जास्त होता. सगळ्यांनी मान वळवली. दोन शिपायांच्या मध्ये ड्रायव्हर हात जोडून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आपण काय बोलून बसलो हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

"तोंडातसून गेला माझ्या," तो माझ्याकडे बघत पुटपुटला. मग तो बसलाच खाली. "सांगतंय, सायबानू. माझी पोरां आसत घरात. आता लपवक येवचा नाय."

कायद्यात नारळाला जागा नाही, त्यामुळे कागदावर नारळ आला नाही. पोलिसांपुढच्या नुसत्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. किंमत असते ती तिच्यावरून हाती लागलेल्या वस्तूला. मी लगेच पंच बोलावले, त्यांच्यासमोर निवेदन पंचनामा केला, म्हणजे वस्तू कुठे दाखवतो हे त्याच्या तोंडून लिहून घेतलं, गोव्याच्या पोलिसांना कळवलं आणि जीप काढली. गाडीच्या झडतीच्या वेळी पेटी माडांच्या झावळांखाली दडवलेली होती, हे ड्रायव्हरने वाटेत सांगितलं. मी विचारलं, बाबा, पेटीत बाटल्या भरायची बुद्धी तुला कुणी दिली?

"घेणाऱ्याक पेटी नको होती," तो म्हणाला. "तेच्यार नाव होता ना! माका म्हणालो, दर्यात टाक. पण इतकी बेस पेटी टाकवची कशी? आत मखमल आसा. इन्सुलीपावत एकय बाटली हाल्ली नाय, सायबानू."

मी ते डायरीत टिपून घेतलं.

म्हापशाच्या बाजूला जुन्या वाद्यांचा धंदा करणाऱ्या माणसाकडे गिटार भिंतीवर टांगलेली होती. तो म्हणाला, असली सहीची गिटार कुणाकडेही असते, ही मी रीतसर घेतलीय. मी ती उतरवली, पंचांना जवळ बोलावलं, लांब चिमटा मागवला आणि भोकातून आत घातला. आधी निळा मोजा आला. मग राखाडी. दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि मोजे स्वतंत्र पाकिटात घालून आम्ही त्यांना सील ठोकलं.

न्यायालयाच्या आदेशाने, सुपुर्दनामा लिहून, गिटार शनिवारच्या आत वादकाच्या हाती पडली. ड्रायव्हरवर रीतसर खटला चालला. तपास म्हणून इथे संपला. पण मी वादकाला आणि मॅनेजरला घेऊन देवबागला गेलो. काकी चुलीकडे होत्या. मॅनेजर आत जाऊन, आवाज बारीक करून म्हणाला, "सॉरी हां, मावशी. ती पोस्ट मी काढून टाकतो."

काकींनी उलथनं खाली ठेवलं. "माका चोर म्हणालात ता भायर, खळ्यात उभ्या ऱ्हवान. वाडी ऐकत होती. आता माफी चुलीकडे येवन कशाक मागतास? भायर चला."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेरचे माड बघत राहिलो.

वादक उठला. खळ्यात जाऊन खुर्चीत बसला आणि बरोबर आणलेली गिटार मांडीवर घेतली. ना वायर, ना स्पीकर. भरीव गिटार अशी वाजवली तर शेजारच्यालाही धड ऐकू येत नाही. हिच्या पोकळीतून बारीक, गोड आवाज निघत होता. तो ऐकायचा तर जवळ येऊन गप्प उभं राहावं लागत होतं. बघता बघता वाडी जमली आणि गप्प उभी राहिली. मग तो वाजवायचा थांबला.

"चोर या घरातला नव्हता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चोर आम्ही आमच्या गाडीतून इथे आणला होता. या बाईंवर आळ घेतला तेव्हा मी इथेच मान खाली घालून उभा होतो. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. काकी, मला माफ करा." आणि मॅनेजरलाही त्याने तेच, तितक्याच मोठ्या आवाजात म्हणायला लावलं.

काकींनी पदराने डोळे टिपले. त्या सगळ्या प्रकरणात मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

चोरीला गेलेली वस्तू आम्ही सुपुर्दनाम्यावर परत देतो. तपासात कुणाचं नाव जातं, त्याची नोंद कोणत्याच मुद्देमालात नसते आणि ते परत मागायला कुणी ठाण्यात येत नाही. काकी आल्या म्हणून मला कळलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नेम पाळला. ज्याला संशयावरून ठाण्यात बोलावलं आणि जो निर्दोष निघाला, त्याच्याकडे मी स्वतः चहाला जायचो. गणवेशात, दिवसाउजेडी, जीप त्याच्या दारासमोर उभी करून. आणि चहा संपला तरी शेजारपाजार बघून होईपर्यंत उठायचो नाही.